फलकावरची निविदा

मध्य युरोपातील स्लोव्हाकिया या जेमतेम चौपन्न लाख वस्तीच्या देशात २००७ साली एक विलक्षण निविदा निघाली. बांधकाम व प्रादेशिक विकास मंत्रालयाच्या इमारतीत, जेथे बाहेरच्या माणसाला सहज पाऊल ठेवता येत नाही अशा मार्गिकेत, एका सूचनाफलकावर एक कागद टाचण्यात आला. तो कागद म्हणजे सुमारे ३.६ अब्ज कोरुना, युरोच्या हिशेबात जवळजवळ १२ कोटी, एवढ्या रकमेच्या सरकारी ठेक्याची जाहिरात होती. युरोपीय संघाच्या विकासनिधीतून करावयाच्या सल्ला, प्रसिद्धी आणि तत्सम सेवांचा हा ठेका होता. काही दिवसांनी कागद उतरला. निविदा एकाच गटाची आली, आणि अर्थातच तीच मंजूर झाली. ज्या पक्षाकडे ते मंत्रालय होते त्याच्या नेतृत्वाला हा गट जवळचा मानला जात होता, हेही पुढे चव्हाट्यावर आले. एप्रिल २००९ मध्ये मंत्री मारियान यानुशेक यांना पद सोडावे लागले आणि कालांतराने न्यायालयानेही त्यांना दोषी ठरवले. स्लोव्हाक भाषेत 'फलकाची निविदा' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला आहे.

ही कथा ऐकून आपल्याकडचा एखादा तालुक्याचा कार्यकर्ता हसेल आणि म्हणेल, यात नवल ते काय? पण या प्रकरणात हसण्यापलीकडचे काही आहे. त्या देशात तेव्हा आधुनिक खरेदी कायदा होता. २००० सालापासून सार्वजनिक खरेदीवर देखरेख करणारे स्वतंत्र कार्यालय होते. मे २००४ पासून देश युरोपीय संघाचा सदस्य होता आणि संघाचे सर्व नियम त्याला बंधनकारक होते. कायद्याने सूचना लावा म्हटले होते; सूचना लावली गेली. मंत्रालयाच्या भाषेत सांगायचे तर निविदा 'प्रसिद्ध' झाली होती. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा प्राण कसा घेता येतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे का पाहावे? व्यापारी आणि ठेकेदार यांच्यातील ही लाथाळी आहे. कोणाला ठेका मिळाला आणि कोणाचा हुकला याच्याशी कष्टकऱ्याला काय देणेघेणे, असे मानणारा एक वर्ग चळवळीतही आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि महागातही पडणारी आहे. युरोपीय संघात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के एवढी रक्कम सार्वजनिक संस्थांच्या खरेदीतून खर्च होते. शाळेचे छप्पर, रुग्णालयातील यंत्र, धरणाची भिंत, मुलांच्या ताटातले अन्न हे सारे याच खरेदीतून येते. शासनाची धोरणे विधिमंडळात ठरत असतील; त्यांचे भले किंवा वाटोळे होते ते निविदेच्या टेबलावर. तेव्हा त्या टेबलाभोवती कोण बसतो, कोण उभा राहतो आणि कोण दाराबाहेरूनच परत जातो, हे पाहणे हा समाजवादी राजकारणाचा भाग आहे.

नियोजित अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे वळलेल्या देशांत या प्रश्नाला विशेष धार आहे. १९८९ पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियात आजच्या अर्थाने सार्वजनिक खरेदी नव्हतीच. उत्पादन करणारा कारखाना सरकारी, माल घेणारी संस्था सरकारी, आणि कोणी कोणाला किती द्यायचे हे योजना ठरवीत असे. योजनेत जे बसत नसे ते ओळखीपाळखीने भागवले जाई. १९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली, १९९३ च्या जानेवारीत स्लोव्हाकिया वेगळा झाला आणि त्याच वर्षी तेथे सार्वजनिक खरेदीचा पहिला कायदा झाला. योजना गेली, ओळखीपाळखी मात्र राहिल्या. त्यांना आता भांडवल मिळाले. पुढील काही वर्षांत, विशेषतः १९९४ ते १९९८ या व्लादिमीर मेचियार यांच्या कारकिर्दीत, सरकारी कारखाने सत्तेच्या निकटवर्तीयांना पडत्या भावात विकले गेले. नव्या मालकवर्गाचा मोठा भाग असा जन्माला आला. त्याच्या मालमत्तेचा उगम सत्तेत होता, आणि तिच्या वाढीचा मार्गही सत्तेतूनच जात होता. कारण कारखाने विकल्यानंतरही त्या देशातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक सरकारच राहिले.

मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी तेव्हा असे आश्वासन दिले होते की, खाजगी उद्योग आले की स्पर्धा येईल आणि स्पर्धेने सरकारचा पैसा वाचेल. ते आश्वासन कितपत खरे ठरले याची साक्ष समाजवाद्यांनी देण्याची गरज नाही. ती खुद्द उद्योजकांनीच दिली आहे. १९९९ पासून युरोपीय पुनर्रचना व विकास बँक आणि जागतिक बँक या दोन संस्था संक्रमणावस्थेतील देशांतल्या उद्योगांची वेळोवेळी पाहणी करीत आल्या आहेत. या पाहणीत उद्योगांना एक प्रश्न विचारला जातो: तुमच्यासारख्या उद्योगाला सरकारी ठेका मिळवण्यासाठी ठेक्याच्या रकमेच्या किती टक्के रक्कम वरकड द्यावी लागते? ज्यांनी या देशांना खाजगीकरणाचे धडे दिले त्याच संस्थांना ही टक्केवारी आपल्या प्रश्नावलीत नोंदवावी लागली. प्रश्नाची शब्दरचनाही पाहण्यासारखी आहे. द्यावे लागते की नाही, असे त्यात विचारलेले नाही. किती द्यावे लागते, असे विचारले आहे.

युरोपीय आयोगाच्या वतीने २०१३ साली सर्व सदस्य देशांतील उद्योगांची अशीच पाहणी झाली. विशिष्ट कंपनीच्या मापाने अटी बेतल्या जातात, हा प्रकार सर्रास चालतो असे ५७ टक्के उत्तरदात्यांनी सांगितले. निविदाकार आपसांत संगनमत करतात असे ५२ टक्क्यांनी सांगितले. ही आकडेवारी श्रीमंत आणि गरीब, जुन्या आणि नव्या अशा सर्व सदस्य देशांची मिळून आहे. म्हणजे ज्या पश्चिमेकडे बोट दाखवून पूर्वेला शहाणपण शिकवले गेले, तिच्याही अंगणात हे तण माजलेले आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ज्याची निविदा नामंजूर होते तो पंचाला दोष देणारच. उद्योजकांचे मत म्हणजे पुरावा नव्हे. हे खरे. परंतु मत बाजूला ठेवून नोंदी पाहिल्या तरी चित्र पालटत नाही. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०११ साली ज्या खरेदीत एकच निविदा आली अशांचे प्रमाण २३.५ टक्के होते. २०२१ साली ते ४१.८ टक्क्यांवर पोहोचले. याच काळात एका खरेदीमागे येणाऱ्या निविदांची सरासरी ५.७ वरून ३.२ पर्यंत घसरली. नियम वाढले, संगणक आले, जाहिराती घराघरांत वाचता येऊ लागल्या, आणि तरीही निविदा भरणारे निम्म्यावर आले. उद्योजक तोंडाने जे सांगत होते तेच ते पायांनीही सांगू लागले आहेत: ते निविदेच्या दारात येईनासे झाले आहेत.

ते का येत नाहीत? लहान उद्योजकाची गाऱ्हाणी देशोदेशी सारखीच आहेत. पहिले गाऱ्हाणे अटींचे. तीन खोल्यांच्या शाळेची दुरुस्ती असली तरी मागच्या वर्षाची उलाढाल तिच्या दसपट हवी, अमुक प्रमाणपत्र हवे, तमुक यंत्र मालकीचे हवे, अशा अटी घातल्या की स्पर्धकांची रांग आपोआप एका माणसापुरती उरते. युरोपीय संघाला २०१४ च्या निर्देशात अशी मर्यादा घालावी लागली की, मागितलेली उलाढाल सामान्यतः ठेक्याच्या रकमेच्या दुपटीहून अधिक असू नये. दुसरे गाऱ्हाणे मुदतीचे. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला आठ दिवस पुरतात. ज्याला जाहिरात वाचून कळते त्याला कागद जमवण्यातच ते दिवस जातात. तिसरे गाऱ्हाणे देयकांचे. मोठी कंपनी बँकेच्या पैशावर वर्षभर तग धरते, लहान ठेकेदाराला मात्र शनिवारी मजुरी चुकवायची असते. युरोपात सरकारी देयक साधारणतः ३० दिवसांत चुकते करावे असा २०११ चा निर्देश आहे. तो काढावा लागला यातच सर्व आले. चौथे गाऱ्हाणे तक्रारीचे. स्लोव्हाकियात निविदेविरुद्ध हरकत घ्यायची तर अनामत भरावी लागते, आणि अनामत भरण्याची ऐपत असली तरी हिंमत असेलच असे नाही. आज ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच टेबलावर उद्याची निविदा जायची असते.

या चार गाऱ्हाण्यांचा एकत्रित परिणाम असा की, व्यवसाय जाणणारा माणूस निविदेबाहेर राहतो आणि निविदा जाणणारा माणूस आत येतो. मग आत आलेला हा मध्यस्थ बाहेर राहिलेल्या कारागिराला बोलावून उपकंत्राट देतो. वरच्याने घेतलेल्या दरातून टक्केवारी जाते, मध्यस्थाचा नफा जातो, आणि जे उरते त्यातून सिमेंट, पोलाद व मजुरी भागवायची असते. येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. टक्केवारी कोण देतो? ठेकेदार म्हणतो, मी देतो. प्रत्यक्षात तो ती फक्त पोहोचवतो. ती दिलेली असते गवंड्याच्या रोजातून, वाळूच्या प्रमाणातून आणि करदात्याच्या खिशातून. उद्योजकाच्या हिशेबात लाच हा एक खर्च असतो. हा खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याचे नाव कोणत्याही पाहणीच्या प्रश्नावलीत येत नाही.

तथापि उद्योजकांचे म्हणणे ऐकताना भाबडेपणा उपयोगाचा नाही. उद्योजक हा नेहमीच या व्यवस्थेचा बळी असतो असे नाही. २००४ साली स्लोव्हाकियातील डी-१ महामार्गाच्या एका टप्प्यासाठी निविदा मागवण्यात आल्या. देशातल्या स्पर्धा-नियंत्रक कार्यालयाने त्या तपासल्या तेव्हा असे आढळले की, वेगवेगळ्या स्पर्धकांनी स्वतंत्रपणे भरलेल्या म्हणून दाखवलेल्या निविदांत एकेका बाबीचे दर परस्परांशी ठरावीक प्रमाणात होते. खडी असो की काँक्रीट, एकाच्या दराला एका आकड्याने गुणले की दुसऱ्याचा दर निघावा, असा प्रकार होता. आपल्याकडे ज्याला ठेकेदार 'रिंग' म्हणतात ती ही. सहा कंपन्यांना २००६ साली मिळून सुमारे साडेचार कोटी युरोएवढा दंड झाला. न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालून अखेर तो कायम राहिला. या कंपन्यांत पूर्वीच्या सरकारी उद्योगांचे वारस होते, तशाच युरोपातील बड्या बहुराष्ट्रीय बांधकाम कंपन्यांच्या शाखाही होत्या. पश्चिमेकडून भांडवल येईल आणि त्याच्याबरोबर सचोटीही येईल, हा भ्रम त्या गुणाकाराने पुसून टाकला.

म्हणून उद्योजक हा एकच वर्ग आहे असे समजून चालणार नाही. निविदेच्या दाराबाहेर उभा असलेला लहान कारखानदार, आत शिरलेल्या मध्यस्थासाठी कमी दरात राबणारा उपकंत्राटदार आणि अधिकाऱ्याशेजारी बसून अटींचा मसुदा लिहिणारा बडा ठेकेदार या तिघांचे हितसंबंध एक नाहीत. यांपैकी पहिले दोघे आणि त्यांच्याकडे काम करणारा मजूर यांचे दुखणे बऱ्याच अंशी समान आहे. हे ओळखून त्यांना सोबत घेणे हे समाजवादी राजकारणाचे काम आहे. ते न केल्यास त्यांचा राग उजव्या गोटात जातो, आणि तेथे त्याला एक तयार उत्तर मिळते: सरकारच नको.

या उत्तराची परीक्षा अवघड नाही. सरकारने खरेदी कमी करून संपूर्ण सेवाच खाजगी कंपनीकडे सोपवावी, असा आग्रह गेल्या तीन दशकांत सर्वत्र धरला गेला. स्लोव्हाकियात २००९ साली आर-१ या द्रुतगती मार्गाचा करार याच पद्धतीने झाला. कंपनीने रस्ता बांधायचा, सांभाळायचा आणि सरकारने तिला तीस वर्षे वार्षिक रक्कम देत राहायचे. रस्ता २०११ साली सुरू झाला, चांगला झाला, हेही मान्य करावे. पण यात निविदा नाहीशी कोठे झाली? शंभर लहान निविदांऐवजी एक मोठी निविदा निघाली, आणि जो तिच्यावर सही करतो तो पुढच्या पिढीचेही अंदाजपत्रक बांधून टाकतो. शंभर टेबलांवरच्या लहान भ्रष्टाचाराची जागा एका टेबलावरचा मोठा मोह घेऊ शकतो, आणि तेथे लहान उद्योजकाला तर दारापर्यंतही जाता येत नाही. सरकार लहान केल्याने लूट लहान होते, याला अनुभवाचा आधार नाही.

येथे समाजवाद्यांनी स्वतःलाही एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. फलकाची निविदा निघाली तेव्हा स्लोव्हाकियात सत्तेवर असलेल्या आघाडीचे नेतृत्व स्वतःला सामाजिक लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या पक्षाकडे होते. रॉबर्ट फित्सो यांच्या त्या पक्षाने उग्र राष्ट्रवादी पक्षाशी सत्तेसाठी हातमिळवणी केली होती, आणि त्या कारणाने युरोपातील समाजवादी पक्षांच्या संघटनेने २००६ सालीच त्याचे सदस्यत्व स्थगित केले होते. निविदा ज्या मंत्रालयाने काढली ते मित्रपक्षाकडे होते, असे म्हणून हात झटकता येतील. पण मंत्रिमंडळ एकच होते. गरिबांच्या नावाने मते मागायची, पेन्शनरांना सवलती द्यायच्या आणि खरेदीची खाती आघाडीच्या वाटाघाटीत वाटून टाकायची, हा व्यवहार समाजवादाला वैऱ्यांपेक्षा अधिक बदनाम करतो. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण ज्याला करता येत नाही त्याने सार्वजनिक क्षेत्राच्या विस्ताराची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

या प्रकरणानंतर स्लोव्हाकियात जे घडले ते मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. १ जानेवारी २०११ पासून तेथे असा नियम झाला की, सार्वजनिक संस्थेचा करार सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलात येत नाही, आणि ठरावीक मुदतीत प्रसिद्ध न झाल्यास तो झालाच नाही असे मानले जाते. नियमाची खुबी त्याच्या रचनेत आहे. कागद लपवला तर अधिकाऱ्याला शिक्षा होईल की नाही हे अनिश्चित असते. पण कागद लपवला तर ठेकेदाराचा पैसाच अडकतो. त्यामुळे करार उजेडात आणण्यात ठेकेदाराचाच स्वार्थ गुंतला. पुढे फेब्रुवारी २०१७ पासून, सरकारकडून मोठ्या रकमा घेणाऱ्या कंपन्यांना आपले खरे मालक कोण हे नोंदवणे भाग पडले. नावापुरत्या कंपन्यांच्या पडद्याआड बसणाऱ्यांना निदान पडद्यावर नाव लिहावे लागले.

यामुळे भ्रष्टाचार संपला काय? नाही. २०१४ साली पिएश्त्यानी येथील रुग्णालयाने सुमारे १६ लाख युरोंना सीटी स्कॅन यंत्र घेतल्याचे प्रकरण गाजले. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात तशाच यंत्रासाठी पडलेल्या किमतीशी तुलना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि आरोग्यमंत्र्यांसह संसदेच्या अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. २००७ सालचे प्रकरण आणि हे प्रकरण यांत फरक आहे तो वेळेचा. पहिल्या वेळी मंत्र्याला जायला दीड-दोन वर्षे लागली. दुसऱ्या वेळी काही दिवस पुरले. चोरी थांबली नाही, पण चोराला मिळणारी सवड कमी झाली. लोकशाहीत हा फरक लहान नाही.

मात्र कागद खुला करणे एवढ्यावर समाधान मानणे ही उदारमतवाद्यांची मर्यादा आहे. खुली निविदा आणि सर्वांत कमी दर या दोन गोष्टी साधल्या की न्याय झाला, असे त्यांना वाटते. सर्वांत कमी दर कोठून येतो? एक तर कौशल्यातून, नाही तर मजुराच्या पोटातून. दर पाडण्याची शर्यत लागली की यंत्राचे भाडे सर्वांना सारखे, सिमेंटचा भाव सर्वांना सारखा. कमी करता येते ती मजुरी आणि सुरक्षा. हे ओळखून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ सालीच ९४ क्रमांकाचा करारनामा संमत केला. सरकारी ठेक्यावर काम करणाऱ्याला त्या भागात त्या धंद्यात रूढ असलेल्या वेतनाहून कमी वेतन नसावे, असा त्याचा आशय आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशातही ठेकेदाराने श्रमविषयक कायदे पाळावेत आणि असाधारण कमी दराचा खुलासा मागावा, असे म्हटले आहे. भारताने तो ९४ क्रमांकाचा करारनामा अद्याप स्वीकारलेला नाही. जे सरकार सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे त्याने आपल्या खरेदीत मजुराचा वाटा लिहून घ्यावा, ही मागणी कोणत्याही अर्थाने अवाजवी नाही.

महाराष्ट्राच्या कार्यकर्त्याला यातून काय घेता येईल? आपला देश त्या अर्थाने संक्रमणावस्थेतील नाही. पण १९९१ नंतर सरकार आणि भांडवल यांचे नाते येथेही नव्याने मांडले गेले, आणि त्याची खूण निविदांवर उमटली आहे. निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर जी नावे जाहीर झाली त्यांत मोठमोठ्या सरकारी कामांचे ठेकेदारही होते. पक्षनिधी आणि निविदा यांच्यातील अंतर किती उरले आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा. दुसरीकडे, २०२५ साली याच राज्यात ठेकेदारांच्या संघटनांना थकलेल्या देयकांसाठी आंदोलन करावे लागले. या आंदोलनाकडे तुच्छतेने पाहणे सोपे आहे. परंतु देयक थकले की पहिला उपाशी राहतो तो ठेकेदाराच्या हाताखालचा मजूर, आणि दिवाळे निघते ते लहान ठेकेदाराचे. बडा ठेकेदार त्यानंतर अधिकच बडा होतो.

आपल्याकडे काही चांगल्या परंपराही आहेत आणि त्या विसरता कामा नयेत. सार्वजनिक बांधकामातील लहान कामांपैकी ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या गटाला, अशी वाटणी महाराष्ट्राने केली. यामागची कल्पना अशी की, कष्ट करणाऱ्यानेच ठेकेदार व्हावे आणि मधला माणूस जावा. सहकारी चळवळीच्या उत्तम विचारांपैकी हा एक. पण किती मजूर संस्थांत खरे मजूर सभासद आहेत आणि किती संस्था एखाद्या पुढाऱ्याच्या खिशातल्या शिक्क्यापुरत्या आहेत, हे गावोगावचे कार्यकर्ते जाणून आहेत. ब्रातिस्लाव्हाच्या फलकाला हसण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील मजूर संस्थांच्या सभासदांची यादी एकदा वाचावी. तीही एका अर्थाने फलकावरचीच निविदा आहे: नियमाचे अक्षर शाबूत, प्राण गेलेला.

कामाला सुरुवात कोठून करावी, हे यातून स्पष्ट होते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमाने माहिती न मागताही प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कार्यालयांवर घातले आहे. प्रत्येक नगरपालिकेत, प्रत्येक जिल्हा परिषदेत गेल्या वर्षी किती कामांना एकच निविदा आली, हे विचारावे. निविदेच्या अटींत शेवटच्या क्षणी काढलेली शुद्धिपत्रके पाहावीत. काम मंजूर झाल्यावर 'वाढीव काम' म्हणून किती रक्कम चढली, ते मोजमाप पुस्तकाशी ताडून पाहावे. देयक कोणाचे किती दिवस थकले आणि कोणाचे चार दिवसांत निघाले, याची यादी करावी. त्या कामावरच्या मजुराला हजेरीपटावर किती आणि हातात किती मिळाले, हे त्यालाच विचारावे. आणि करार जनतेसमोर येईपर्यंत तो अमलात येणार नाही, अशी कायदेशीर तरतूद आपल्या राज्यातही व्हावी, अशी मागणी लावून धरावी.

हे काम मोर्च्यासारखे दिसणारे नाही. त्यात कागद वाचावे लागतात, आकडे जुळवावे लागतात आणि ज्याला चळवळ आजवर परका समजत आली त्या गावच्या लहान ठेकेदाराशीही बोलावे लागते. त्याच्याकडून कळते की दार कोठे बंद झाले. मजुराकडून कळते की त्याची किंमत कोणी मोजली. या दोन साक्षी एकत्र आणणारा तिसरा कोणी नसतो, म्हणूनच त्या दोन्ही वाया जातात. तो तिसरा होण्याची जबाबदारी समाजवादी कार्यकर्त्याची आहे. जनतेच्या पैशाची खरेदी जनतेच्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढी साधी मागणी ज्याला पुरी करून घेता येत नाही, त्याच्या हाती जनता उत्पादनाची साधने विश्वासाने सोपवील अशी अपेक्षा करता येत नाही.